मोगलाई, इंग्रजी आणि तुलनेचे माप

१

माझी आजी बार्शीजवळच्या एका खेड्यातली. लग्न होऊन ती चाकूरला आली तेव्हा आपण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चाललो आहोत, हे तिला कोणी सांगितले नव्हते. करोडगिरीच्या माणसांनी तिची पेटी उघडून लुगडी उलटीपालटी केली, तेव्हा ते तिला कळले. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे 'इंग्रजीत'. लातूर निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे 'मोगलाईत'. दोहोंना जोडणारी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ पासून लातूरपर्यंत येत होती. लातूरहून पुढे चाकूरपर्यंतची पस्तीसेक किलोमीटरची वाट बैलगाडीने.

'मोगलाई' आणि 'इंग्रजी' हे आमच्या भागात नुसते भूगोलाचे शब्द नव्हते. त्यांत एक चालू तुलना होती. अमुक माणूस इंग्रजीत राहतो, तमुक मुलगी मोगलाईत दिली, असे बोलले की ऐकणाऱ्याला शाळा, कचेरी, पोलीस आणि नाणे या चारही गोष्टी आपोआप कळत. पुण्यामुंबईच्या मराठीत तर 'मोगलाई लागून गेली काय?' हा वाक्प्रचारच झाला. ज्या शब्दाने तिकडचा माणूस अंदाधुंदी दाखवत होता, तोच शब्द आमच्या लोकांचा पत्ता होता.

१५ ऑगस्ट १९४७ नंतर ही तुलना वेगळ्या पातळीवर गेली. इंग्रज गेले. मोठा देश स्वतंत्र झाला आणि त्याच्या पोटात असलेल्या लहान राज्यानेही आपण स्वतंत्र असल्याचे सांगितले. जून १९४७ च्या फर्मानात निजामाने स्पष्ट केले होते की हैदराबाद भारताच्या किंवा पाकिस्तानच्या घटना समितीत जाणार नाही आणि इंग्रजांचे सार्वभौमत्व संपताच स्वतंत्र होईल. पुढचे तेरा महिने, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, चाकूरचा माणूस एका नव्या स्वतंत्र देशाचा रहिवासी होता, निदान त्या देशाच्या सरकारच्या मते. या तेरा महिन्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लेखनात दोन देशांची तुलना कोणत्या मापाने केली आहे, एवढाच प्रश्न मी या लेखात तपासणार आहे.

२

सर्वांत आधी आकाराचे माप पाहू, कारण त्या वर्षी तेच सर्वाधिक वापरले गेले. हैदराबाद संस्थानाचे क्षेत्रफळ ८२,६९८ चौरस मैल होते. इंग्लंड आणि स्कॉटलंड एकत्र केले तर साधारण एवढाच प्रदेश होतो. १९४१ च्या जनगणनेत लोकसंख्या १ कोटी ६३ लाख होती. राज्याचे स्वतःचे नाणे होते, टपाल तिकिटे होती, रेल्वे होती, सैन्य होते, विद्यापीठ होते, १९४५ पासून विमान कंपनीही होती. निजामाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवाद सरळ होता : जगात याहून लहान देश सार्वभौम आहेत, मग हैदराबादनेच काय पाप केले?

दुसऱ्या बाजूचे उत्तरही आकाराचेच होते. चारी बाजूंनी भारताने वेढलेला, समुद्र नसलेला हा प्रदेश वेगळा कसा राहील? देशाच्या मध्यभागी दुसरा देश कसा चालेल?

ही दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. स्वित्झर्लंडला समुद्र नाही. लेसोथो तर दक्षिण आफ्रिकेने सर्व बाजूंनी वेढलेला आहे आणि हैदराबादच्या सातव्या हिश्श्याएवढा आहे, तरी १९६६ मध्ये तो स्वतंत्र झाला. म्हणजे वेढलेले असणे हा स्वातंत्र्याविरुद्धचा पुरावा ठरत नाही. त्याचप्रमाणे क्षेत्रफळ आणि नाणे हाही स्वातंत्र्याचा पुरावा होत नाही. नाणे कोणाच्या नावाचे आहे हे त्यावरून कळते. ज्याच्या कनवटीला ते आहे त्याला राज्यात काय विचारले जाते, हे कळत नाही. बाजारात शंभर कलदारला एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली सिक्का मिळे. हा भाव आमच्या गावातल्या अडाणी माणसालाही तोंडपाठ होता. दोन राज्यांतला नाण्यांचा भाव असा पैशापर्यंत ठरलेला होता. माणसांचा भाव ठरवायला मात्र वेगळे माप लागणार होते.

३

ते माप पुस्तकांनी कसे वापरले? या विषयावरची प्रमुख पुस्तके मी तीन गटांत वाचतो.

पहिला गट लहान देशाचा. हैदराबादचे शेवटचे पंतप्रधान मीर लायक अली यांचे 'ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद' १९६२ मध्ये कराचीत प्रसिद्ध झाले. त्यांच्या दृष्टीने ही एका स्वतंत्र राज्यावर मोठ्या शेजाऱ्याने केलेल्या आक्रमणाची कथा आहे. नाकेबंदी, नोव्हेंबर १९४७ च्या 'जैसे थे' कराराचा भंग, सुरक्षा परिषदेपुढची तक्रार आणि अखेर सैन्य, असा तिचा क्रम. यातली नाकेबंदीची तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मीठ, रॉकेल, औषधे यांची टंचाई ज्यांनी भोगली त्यांत निजामाचे विरोधकही होतेच.

दुसरा गट मोठ्या देशाचा. भारत सरकारचे हैदराबादमधील एजंट-जनरल क. मा. मुनशी यांचे 'द एंड ऑफ ॲन इरा' १९५७ चे. त्याच्या आदल्या वर्षीचा, संस्थानांच्या विलीनीकरणावरचा व्ही. पी. मेनन यांचा ग्रंथ. मेनन यांनी हैदराबादला तीन प्रकरणे दिली आहेत. हे लेखन कागदपत्रांच्या भाषेत बोलते. हैदराबादने भारतीय चलनाचा वापर बंद केला, पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज देऊ केले, ही करारभंगाची उदाहरणे त्यात पुढे येतात.

तिसरा गट आमचा, लढणाऱ्यांचा. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी १९६७ च्या. अनंत भालेरावांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ १९८७ चा. नरहर कुरुंदकरांचे हैदराबादविषयक लेखन. या लेखकांनी आम्हाला आमचा इतिहास दिला. तो नसता तर मराठवाड्याच्या वाट्याला फक्त मुनशी आणि लायक अली यांचे भांडण आले असते आणि त्या भांडणात लोक कुठेच दिसले नसते. हे ऋण आधी मान्य करून मग पुढचे लिहितो.

ही पुस्तके शेजारी ठेवून वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. प्रत्येकाने स्वतःच्या बाजूचे स्वप्न घेतले आहे आणि समोरच्या बाजूचे वर्तन. लायक अली तुलना करतात ती हैदराबाद काय होऊ शकले असते याची, भारताने काय केले याच्याशी. मुक्तिसंग्रामाचे मराठी लेखन तुलना करते ती भारत काय होणार होता याची, निजामाने आणि रझाकारांनी काय केले याच्याशी. एका पारड्यात वचन आणि दुसऱ्यात करणी. अशा तराजूत वचनाचे पारडे नेहमीच जड होणार.

४

करणीची तुलना करणीशी केली तर काय दिसते?

शाळेपासून सुरुवात करू. राज्यात मराठी बोलणारे सुमारे चौथा हिस्सा, तेलुगू बोलणारे जवळजवळ निम्मे; पण वरच्या शिक्षणाची आणि कचेरीची भाषा उर्दू. चाकूर, उदगीर, निलंग्याचा प्रदेश तेव्हा बीदर जिल्ह्यात होता. तिथल्या मुलाला घरात मराठी, बाजारात मराठी-कानडी आणि पुढे शिकायचे तर उर्दू. इंग्रजी मुलखातल्या मुलाला हायस्कूलपर्यंत आपल्या भाषेचा आधार होता. इथे लहान राज्य कमी पडते. पण पुढची पायरीही मोजली पाहिजे. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देऊन दाखवले, तेव्हा मुंबई विद्यापीठात सगळे इंग्रजीतून चालत होते. ती भाषा आमची नव्हती, हे आमचे दुःख. पण भारतीय भाषेत विज्ञान शिकवता येते, हे सिद्ध करण्याचा मान त्या लहान राज्याकडे जातो. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी याच राज्याच्या मुलकी सेवेत वाढले, आदिलाबादकडे गोंडी आणि कोलामी शिकले, त्या भाषांची व्याकरणे लिहिण्यापर्यंत गेले. त्यांच्या 'जीवनसेतु' या आत्मचरित्राकडे मी वारंवार वळतो. आतून राज्य पाहिलेल्या माणसाला सगळे काळे किंवा सगळे पांढरे दिसत नाही.

दुसरी गोष्ट सभेची. 'गश्ती निशान त्रेपन्न' या परिपत्रकाने सभा घ्यायला सरकारची परवानगी लागे. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होते न होते तोच तिच्यावर बंदी आली, ती १९४६ पर्यंत उठली नाही. याच काळात शेजारच्या मुंबई प्रांतात, इंग्रज असतानाही, निवडणूक होऊन बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले होते. इंग्रजांनीही माणसे तुरुंगात टाकली, गोळ्या घातल्या. तरी सभा भरवणे हाच गुन्हा आणि सभेत अमुक बोलणे हा गुन्हा, यांत फरक आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला मुंबईत झेंडे लागत असताना हैदराबादेत रामानंद तीर्थांना अटक झाली. नव्या स्वतंत्र देशाचा हा पहिला दिवस. त्या एका घटनेत लायक अलींच्या स्वतंत्र राज्याच्या युक्तिवादाला मिळायचे ते उत्तर मिळते. राज्य स्वतंत्र झाले होते. त्यातला माणूस झाला नव्हता.

तिसरी गोष्ट जिवाची. रझाकारांचा नेता कासीम रझवी लातुरात वकिली करत असे. त्यामुळे आमच्या भागात हा दूरचा इतिहास नाही. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातल्या गोरट्याचे हत्याकांड झाले. ऑगस्टमध्ये 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना ठार मारले, कारण ते विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होते. ते मुसलमान होते, उर्दूत लिहीत होते. लहान देशाला आपल्याच धर्माचा, आपल्याच भाषेचा विरोधी आवाज सोसवला नाही. ही लढाई हिंदू आणि मुसलमान यांची होती असे म्हणणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी शोएबुल्लांचे नाव आधी घ्यावे.

येथपर्यंत करणीच्या मापाने निकाल स्पष्ट आहे. हैदराबाद लहान होते म्हणून किंवा वेढलेले होते म्हणून हरले, असे मी म्हणणार नाही. तिथला माणूस प्रजा होता आणि त्याला प्रजाच ठेवायचे होते, म्हणून त्या स्वातंत्र्याला आमच्या लोकांनी स्वातंत्र्य मानले नाही.

५

आता हेच माप मोठ्या देशाला लावायचे.

मुक्तिसंग्रामाच्या मराठी लेखनाची रूढ रचना अशी : अंधार, जागृती, संघर्ष, रझाकारांचे अत्याचार, १३ सप्टेंबरला सैन्य, १७ सप्टेंबरला शरणागती, आणि पडदा. अपवाद आहेत, पण वळण हेच आहे. आमच्याकडे मुक्तिदिनाची भाषणेही तिथेच थांबतात. शाळेत असताना मीही ती पाठ करून म्हटली आहेत.

पडद्यामागे काय झाले? भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत राज्यात फिरून अहवाल दिला. सैनिकी कारवाईच्या काळात आणि त्यानंतर मारल्या गेलेल्या मुसलमानांचा त्यांचा सावध अंदाज २७ हजार ते ४० हजारांचा होता. सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही नावे दिली. म्हणजे आमचाच प्रदेश. लातूर शहराविषयी अहवाल सांगतो की तिथे वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालू होत्या. हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान कुटुंबे वाचवल्याचेही त्याच अहवालात आहे. हा अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही.

हे लिहिले की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या आहेत. पहिली : रझाकारांनी आधी काय केले ते विसरलात का? विसरलो नाही, वर लिहिले आहे. पण गोरट्याचा हिशेब लातूरच्या अत्तारवाल्याकडून वसूल करणे याला न्याय म्हणत नाहीत, आणि नागरिक म्हणवणाऱ्या देशात तर मुळीच नाही. दुसरी प्रतिक्रिया उलट दिशेची : म्हणजे निजामाचे राज्यच बरे होते, असेच ना? तसेही नाही. माप एकच ठेवायचे असेल तर निकाल दोन्हीकडे लावावा लागतो. एक निकाल दुसऱ्याला पुसत नाही.

मोठ्या देशाच्या खात्यावर जमाही आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. १९४९ मध्ये निजामाची सर्फेखास जमीन सरकारजमा झाली आणि जहागिरी रद्द झाल्या. १९५० मध्ये कूळकायदा आला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बार्शीच्या आणि लातूरच्या माणसाला सारखेच एक मत मिळाले. माझ्या आजीलाही मिळाले. मेलेल्यांच्या हिशेबातून हे वजा होत नाही, पण प्रजेची नागरिक होण्याची वाट याच कायद्यांतून गेली. त्याच देशाने निजामाला १९५० ते १९५६ राजप्रमुखही केले. ज्याच्याविरुद्ध लढलो त्याच्याच नावाने सहा वर्षे कारभार चालला, ही विसंगती आमच्या वडीलधाऱ्यांनी कशी गिळली असेल, याचे मला अजून नवल वाटते.

६

कुरुंदकरांच्या पुस्तकाचे नाव 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' असे आहे. या नावातल्या दोन शब्दांकडे मी समीक्षक म्हणून पाहतो. विमोचन १९४८ चे : राजापासून सुटका. विसर्जन १९५६ चे : राज्यच मोडून भाषांप्रमाणे वाटले गेले. आमचे अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके तेव्हा बीदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात, द्विभाषिक मुंबई राज्यात आले. आपल्याकडे विमोचनाचा उत्सव होतो. विसर्जनात काय बुडाले, याची चौकशी कमी होते. तीन भाषा आणि उर्दू यांचे एकत्र नांदणे बुडाले, आजोबांचे उर्दूतले कागद घरात कोणालाच वाचता येईनासे झाले, आणि १९४८ च्या शरद ऋतूची आठवणही त्याच पाण्यात गेली. ज्या राज्यात ते घडले ते राज्यच नकाशावर उरले नाही, मग उत्तर कोणी द्यायचे?

माझ्या आजीने यातले एकही पुस्तक वाचले नव्हते. १५ ऑगस्टनंतर कितीतरी वर्षे ती माहेराला 'इंग्रजी'च म्हणत असे, इंग्रज गेले हे माहीत असूनही. तिला मी एकदा विचारले होते की दोन्ही राज्यांत काय फरक होता. तिचे उत्तर मी तसेच्या तसे लिहून ठेवले आहे. "माज्या म्हायेरी मानसं वट्यावर बसून मोठ्यानं बोलायची. हितं आल्यावर आधी इकडंतिकडं बघायचं, मग बोलायचं." मी पुढे विचारले, मग पोलीस ॲक्शन झाल्यावर लोक मोठ्याने बोलू लागले असतील? ती जरा थांबली. "लागले की. पर त्या दिवाळीला नाही. मनियाराचं घर कुलपात होतं. बांगड्या भराया कुनी न्हवतं. त्या दिवाळीला समदी हळूच बोलायली होती."

मनियार परत आला की नाही, हे मी तिला विचारले नाही. तेव्हा मला वाटले की मुलाखत संपली.

आजीने दोन्ही राज्यांना एकच माप लावले होते : माणसे कोणत्या आवाजात बोलतात. तिने मोगलाईला या मापातून सूट दिली नाही आणि १९४८ च्या नोव्हेंबरला, म्हणजे आपल्याच विजयाच्या दिवाळीलाही दिली नाही. लायक अलींना, मुनशींना आणि आमच्या थोर लेखकांनाही ही समदृष्टी पूर्ण साधली नाही. त्यांचा काळ लढाईचा होता, हे कारण मला मान्य आहे. आपल्याला ते कारण उरलेले नाही.

मराठवाड्याच्या इतिहासावर लिहिणाऱ्या पुढच्या अभ्यासकांनी एक साधे काम करावे असे वाटते. १७ सप्टेंबर १९४८ ला प्रकरण संपवू नये. पुढच्या पानावर त्या वर्षीची दिवाळी लिहावी, आपापल्या गावाची, घरोघर विचारून. कोणाच्या दारात पणत्या होत्या, कोणाच्या दाराला कुलूप होते, आणि कुलपाची किल्ली कोणाकडे होती. विचारण्याजोगी माणसे आता थोडी उरली आहेत. मी ज्या प्रश्नापाशी थांबलो, तिथे त्यांनी थांबू नये.